सर्दी, पित्त की ॲलर्जी? मुलांची लक्षणे कशी ओळखावीत

ठाण्याच्या एका आईने विचारले आहे की, त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला जून महिन्यापासून सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक शिंका येतात, दिवसभर तो नाक चोळत असतो, आणि गेल्या महिन्यात ताप-सर्दी झाली तेव्हा त्याच्या अंगावर दोन दिवस गांधी उठत होत्या. कुणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी रक्ताची तपासणी करून घेतली. अहवालात दूध, गहू, शेंगदाणा आणि तूरडाळ यांच्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ असे छापून आल्यामुळे या चारही गोष्टी महिनाभर बंद आहेत, आणि आजींनी त्यात केळे व दही यांची भर घातली आहे. ॲलर्जी नेमकी कशावरून ओळखायची, त्यातली धोक्याची लक्षणे कोणती, आणि मुलाला खायला द्यायचे तरी काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

प्रश्न एका मुलाचा असला तरी माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक पालकांची अडचण हीच असते, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट अशी की शिंका, खाज, पुरळ, उलटी, खोकला यांपैकी एकही लक्षण ॲलर्जीच्या मालकीचे नाही. हीच लक्षणे विषाणूंमुळे होतात, जंतांमुळे होतात, डास चावल्याने होतात आणि धुरानेही होतात. ॲलर्जी ओळखायची ती लक्षणाच्या मागेपुढे काय घडले यावरून. संशयित गोष्टीशी संबंध आल्यानंतर किती वेळाने त्रास सुरू झाला, तो किती तास किंवा दिवस टिकला, त्याच गोष्टीने पुन्हा तसेच झाले का, आणि मधल्या काळात तीच गोष्ट मुलाने काहीही न होता खाल्ली किंवा हाताळली का, या चार प्रश्नांची उत्तरे आईवडिलांकडून नीट मिळाली, तर बहुतेक वेळा निदान तपासणीच्या आधीच होऊन जाते. त्यातला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत कमी विचारला जातो. सोमवारी शेंगदाण्याच्या चटणीनंतर पुरळ आले आणि गुरुवारी तीच चटणी मूल मजेत खाऊन गेले, तर सोमवारच्या पुरळाचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

आता धोक्याचे आधी सांगतो, कारण तेवढे तरी प्रत्येक घरात माहीत असायला हवे. ॲलर्जीची तीव्र, सर्व शरीराला घेरणारी प्रतिक्रिया, जिला वैद्यकीय भाषेत ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, ती एखादा पदार्थ खाल्ल्यावर, इंजेक्शन किंवा औषध घेतल्यावर, अथवा मधमाशी, गांधीलमाशी चावल्यावर साधारणपणे काही मिनिटांत आणि फार तर दोन तासांच्या आत सुरू होते. अंगावर गांधी, ओठ आणि डोळ्यांवर सूज ही लक्षणे बहुतेकांत दिसतात, पण दहांपैकी एकदोघांत त्वचेवर काहीच दिसत नाही, आणि तिथेच फसगत होते. म्हणून लक्ष त्वचेपेक्षा श्वासावर आणि रक्ताभिसरणावर ठेवावे. आवाज अचानक घोगरा होणे, गिळता न आल्याने लाळ गळू लागणे, थांबत नाही असा खोकला, छातीत घरघर, एकामागून एक उलट्या, चेहरा पांढरा पडणे, मूल एकाएकी मलूल होऊन खांद्यावर मान टाकणे, यांपैकी काहीही अशा प्रसंगानंतर दिसले तर ती तातडीची वेळ समजावी. तान्ह्या बाळाला काय होते ते सांगता येत नाही. त्याचे रडणे बदलते किंवा ते नेहमीच्या झोपेच्या वेळेशी जुळत नाही असे सुस्त होते.

अशा वेळी मुलाला आडवे झोपवून पाय थोडे उंच करावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये आणि चालवत तर मुळीच नेऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा सर्वांत जवळच्या, इंजेक्शनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. यावरचे मुख्य औषध ॲड्रेनालिन हेच आहे, आणि ते दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम या प्रमाणात मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिले जाते. आराम पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देता येते. घरात असलेले खाजेचे सिरप पाजून ‘बघू या अर्धा तास’ असे म्हणत बसणे ही मला सर्वांत भीतीदायक वाटणारी गोष्ट आहे, कारण त्या सिरपने खाज कमी होते, श्वासनलिकेची सूज आणि घसरलेला रक्तदाब यांवर ते वेळेत काहीही करू शकत नाही. त्रास थांबल्यावरही काही तासांनी तो उलटून येऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी निरीक्षणाखाली थांबायला सांगितले तर कुरकुर करू नये.

या टोकाच्या प्रसंगाच्या तुलनेत नुसत्या गांधी, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतात, ते फारच वारंवार दिसते आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. लालसर, उंचवटा असलेले, मध्ये फिकट दिसणारे चट्टे एका जागी उमटतात, काही तासांत विरतात आणि दुसरीकडे उमटतात. एकेक चट्टा चोवीस तासांच्या आत मावळतो, आणि मागे डाग राहत नाही. लहान मुलांमध्ये अशा अचानक उठणाऱ्या गांधींचे सर्वांत नेहमीचे कारण विषाणूंचा संसर्ग हे आहे, अन्न नव्हे. सर्दी-ताप आलेला असताना किंवा तो उतरताना गांधी उठल्या आणि दोन-चार दिवस येत-जात राहिल्या, तर त्या काळात खाल्लेल्या प्रत्येक पदार्थावर संशय घेण्याचे कारण नाही. अन्नाच्या ॲलर्जीने उठणाऱ्या गांधी खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात येतात आणि साधारणपणे काही तासांत जातात. त्या तीन दिवस चालू राहत नाहीत. आमसुलाचे पाणी अंगाला लावल्याने गार वाटते, त्याला माझा विरोध नाही. ‘पित्त’ म्हणून आम्लपित्ताची औषधे मुलाला पाजू नयेत, एवढेच. गांधींसोबत सांधे सुजले, चट्टे एका जागी दिवसच्या दिवस टिकले किंवा जाताना जखमेसारखा जांभळा डाग सोडून गेले, तर मात्र ते वेगळे दुखणे असू शकते आणि दाखवायला हवे.

याच ओघात औषधांच्या ॲलर्जीबद्दल सांगून टाकतो. तापासाठी ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या गटातले औषध चालू असताना चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर बारीक पुरळ आले की फाइलवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असा शिक्का बसतो आणि तो आयुष्यभर पुसला जात नाही. असा शिक्का असलेल्या मुलांची पुढे रीतसर तपासणी केली तर दहांपैकी नऊ मुलांना ते औषध सुखरूप देता येते असे दिसते. पुरळ कितव्या दिवशी आले, औषधाच्या कितव्या मात्रेनंतर आले, आणि त्याचा फोटो, इतके जपून ठेवले तर पुढच्या डॉक्टरांचे काम सोपे होते.

पावसाळ्यात आणखी एका गोष्टीला अन्नाची ॲलर्जी समजले जाते. गुडघ्यांखाली, कोपरांवर, म्हणजे कपड्यांबाहेर राहणाऱ्या भागावर कडक, खूप खाजणारे, मध्ये बारीक ठिपका असलेले फोड येतात, आठवडाभर टिकतात आणि खाजवल्याने चिघळतात. हे डास, पिसवा किंवा ढेकूण यांच्या चाव्याला त्वचेने दिलेले उत्तर आहे. यात अंडी किंवा मासे बंद करून काही साधत नाही. मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांनी साधते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती फोड, शिवाय घरातल्या आणखी कुणाला तरी खाज, असा प्रकार असेल तर ती खरूज असते, आणि सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावल्याशिवाय ती जात नाही.

अन्नाच्या ॲलर्जीचे दोन प्रकार वेगळे ठेवले की गोंधळ बराच कमी होतो. पहिला तत्काळ प्रकार: खाल्ल्यापासून काही मिनिटे ते दोन तासांत ओठ-तोंडाला खाज, गांधी, सूज, उलटी, खोकला. गाईम्हशीचे दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-अक्रोडासारखा सुकामेवा, तीळ, गहू, मासे, कोळंबी-खेकडा हे यातले नेहमीचे पदार्थ आहेत. आपल्याकडे हरभरा आणि मसूर यांसारख्या डाळींचीही उदाहरणे दिसतात. दूध आणि अंडे यांची ॲलर्जी बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत किंवा त्यानंतर काही वर्षांत निवळते. शेंगदाण्याची मात्र साधारणपणे पाचांतल्या एकाच मुलाची जाते, आणि सुकामेवा, मासे, कोळंबी यांचीही बहुधा टिकून राहते.

दुसरा उशिरा दिसणारा प्रकार आईवडिलांना आणि डॉक्टरांनाही चकवतो. एखादे बाळ हसतेखेळते आहे, वजनही वाढते आहे, पण शीमध्ये आव आणि रक्ताच्या रेषा दिसतात. आईच्या आहारातून तिच्या अंगावरच्या दुधात उतरणारे गाईच्या दुधातले प्रथिन हे याचे एक ओळखीचे कारण आहे. यात अंगावरचे दूध तोडायचे नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून पाहावे, आणि बरे वाटल्यावर एकदा पुन्हा घेऊन खात्री करावी, कारण अनेकदा ते रक्त आपोआपच थांबलेले असते आणि बिचारी आई विनाकारण वर्षभर दह्याविना जेवते. आणखी एका प्रकारात पदार्थ भरवल्यावर एक ते चार तासांनी बाळाला धडाधड उलट्या होतात, ते पांढरे पडते, लुळे पडते, पण अंगावर एकही गांधी नसते. दूध, सोया इतकेच काय, तांदळाच्या पेजेनेही हे होऊ शकते, आणि पेज हा तर आपल्याकडे सर्वांत निर्धोक समजला जाणारा पहिला घास आहे. हे एकदा झाले तर पोट बिघडले असे समजले जाते. त्याच पदार्थानंतर दुसऱ्यांदा झाले की शंका यायला हवी.

दूध सोसत नाही म्हणून बाळाला शेळीचे किंवा म्हशीचे दूध सुरू करणे हा खेड्यांत आणि शहरांतही रूढ उपाय आहे. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिने इतकी मिळतीजुळती आहेत की एकाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना बाकीची दोन्हीही चालत नाहीत, त्यामुळे तत्काळ प्रकारच्या ॲलर्जीत हा प्रयोग घरी करणे धोक्याचे आहे. जुलाबांनंतर काही दिवस दूध न पचणे ही गोष्ट याहून निराळी. त्यात फेसाळ, आंबूस वासाची शी होते, ढुंगण लाल होते, पोट फुगते. तो दुधातली साखर तात्पुरती न पचण्याचा प्रश्न असतो आणि आतडे सावरले की सुटतो.

एप्रिल-मे महिन्यांत हमखास येणारी तक्रार म्हणजे आंबा खाल्ल्यावर तोंडाभोवती उठलेले पुरळ. बहुतेक वेळा दोष गराचा नसतो, देठाजवळच्या आणि सालीतल्या चिकाचा असतो. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत, आणि त्यांच्या चिकातली द्रव्ये त्वचेला लागली की एकदोन दिवसांनी तिथे लाल, खाजरे, कधी पाणी सुटणारे चट्टे येतात. आंबा धुऊन, देठ कापून, चीक जाऊ देऊन, साल काढून फोडी भरवल्या तर यातली बरीच मुले आंबा आनंदाने खातात. ओठ सुजले, अंगभर गांधी आल्या किंवा खोकला लागला, तर गोष्ट वेगळी. तो आंबा पुन्हा न देता आधी दाखवावे. टोमॅटो, संत्रे, अननस यांच्या रसाने हनुवटी लाल होते ती बहुधा नुसती आग असते. बिब्बा मात्र मुलांच्या त्वचेला कोणत्याही कारणासाठी लावू नये, त्याने भाजल्यासारखी जखम होते.

आता इसब, म्हणजे एक्झिमा. माझ्या मते ॲलर्जीच्या घराण्यातले हे पहिले आणि सर्वांत दुर्लक्षित लक्षण आहे. तान्हेपणी गाल, कपाळ, हातापायांच्या बाहेरच्या बाजू कोरड्या, लाल, खरखरीत होतात आणि लंगोटाचा भाग मात्र बहुधा स्वच्छ राहतो; दोन वर्षांनंतर तीच खाज कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत, मानेवर, मनगटावर मुक्काम हलवते. मूल झोपेत खाजवते, चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात, चिडचिड होते. त्वचेचे कवच कच्चे असल्याने पाणी बाहेर जाते आणि बाहेरची प्रथिने आत शिरतात, आणि शरीर त्या प्रथिनांना शत्रू म्हणून ओळखायला अशा वेळी शिकते, असे आता मानले जाते. पोटातून आलेल्या अन्नाला शरीर सहसा सरावते, तुटलेल्या त्वचेतून आलेल्या अन्नाशी मात्र वैर धरते. म्हणून डाळीचे पीठ आणि साय लावून बाळाचे अंग खसाखसा चोळण्याची पद्धत अशा बाळांपुरती तरी थांबवावी, असे मी आजीला नम्रपणे पण ठामपणे सांगतो. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच लावलेला सुगंधविरहित मलम आणि डॉक्टरांनी ठरवलेले औषध, यांनी बहुतेक इसब ताब्यात येते. केवळ इसब आहे म्हणून दूध, अंडी, गहू बंद करणे चुकीचे आहे. अगदी लहान वयातल्या, नीट उपचार करूनही न हटणाऱ्या तीव्र इसबातच अन्नाचा शोध घ्यावा लागतो.

उलट, अन्न टाळल्याने ॲलर्जी टळते ही जुनी समजूत लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने जवळजवळ उलटवली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या चार ते अकरा महिन्यांच्या बाळांना नियमित शेंगदाणा दिला, तेव्हा पाचव्या वर्षी त्यांच्यातले शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण, तो टाळणाऱ्या मुलांच्या तुलनेत, सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाले. आपल्या स्वयंपाकात दाण्याचे कूट रोजचे असल्याने सहा महिन्यांनंतर वरणभातात चिमूटभर बारीक कूट मिसळणे सोपे आहे. इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. अख्खे दाणे मात्र पाच वर्षांपर्यंत नकोत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात.

नाकाच्या ॲलर्जीची चित्रे इतकी बोलकी असतात की दारातून आत येणाऱ्या मुलाकडे पाहूनच अंदाज येतो. तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर चोळण्याची सवय, त्यामुळे नाकाच्या मध्यावर पडलेली आडवी रेघ, डोळ्यांखाली निळसर-काळी छाया, उघडे तोंड, टाळूला खाज सुटल्याने जिभेने काढलेला ‘टॉक्’ असा आवाज. स्राव पाण्यासारखा पातळ असतो, शिंका सहा-आठ अशा एकदम येतात, डोळे आणि नाक दोन्ही खाजतात आणि ताप नसतो. विषाणूंच्या सर्दीत ताप किंवा अंगदुखी असते, दोनतीन दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळा होतो आणि सात ते दहा दिवसांत प्रकरण मिटते. बालवाडीत जाणाऱ्या निरोगी मुलालाही वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात, त्यामुळे ‘सतत सर्दी’ म्हणताना मध्ये मूल पूर्ण बरे होते का, हे पाहावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर मात्र ॲलर्जीचा विचारही करू नका. आत मणी, चिंचोका किंवा खोडरबराचा तुकडा सापडण्याची शक्यता अधिक.

नाकाच्या बाबतीत अन्नापेक्षा हवा पाहावी. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत धुळीतले सूक्ष्म कीटक, म्हणजे माइट्स, हे मुख्य कारण असते. डोळ्यांना न दिसणारे हे कीटक आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत गादी, उशी, गोधडी आणि मऊ खेळण्यांत वाढतात. म्हणून त्रास अंथरुणात आणि पहाटे अधिक होतो. पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन धरणारी बुरशी आणि घरातली झुरळे ही त्यांची जोडीदार. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात आजोळी गेले की शिंका बंद आणि घरी परतल्यावर आठवड्यात पुन्हा सुरू, हे वर्णन ऐकले की माझे निम्मे निदान होते. देशावर, विशेषतः पुण्याच्या आसपास, पाऊस संपता संपता त्रास वाढत असेल तर गवतांचे पराग आणि गाजर गवत यांचा संशय घ्यावा. गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात, ते १९५०च्या दशकात प्रथम पुण्यात आढळले आणि तिथून देशभर पसरले. परागांची ॲलर्जी दोन वर्षांच्या आतल्या बाळात सहसा दिसत नाही, कारण ती जडायला एकदोन हंगाम जावे लागतात.

छातीची लक्षणे याच रांगेत पुढची. रात्री दोन-तीनच्या सुमारास किंवा पहाटे उठवणारा कोरडा खोकला, धावल्यावर, खूप हसल्यावर किंवा रडल्यावर येणारी ढास, छातीतून शिट्टीसारखा आवाज, खेळातून मध्येच येऊन बसणे, आणि प्रत्येक सर्दी ‘छातीत उतरणे’, ही दम्याची चिन्हे आहेत. पाच वर्षांच्या आतल्या पुष्कळ मुलांना फक्त सर्दीपुरती घरघर होते आणि ती वय वाढेल तशी थांबते. पण सर्दी नसतानाही घरघर होते, मुलाला इसब आहे आणि आईला किंवा वडिलांना दमा आहे, असे असेल तर दम्याचा विचार गंभीरपणे करावा. फुंकून करायची श्वासाची चाचणी साधारण पाच-सहा वर्षांनंतरच नीट जमते, म्हणून त्याआधी निदान लक्षणांवर आणि औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावर होते. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. पंपातून जाणारे औषध तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा कितीतरी कमी मात्रेत थेट श्वासनलिकेत पोचते. दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. खेळता-खाता अचानक ठसका लागून सुरू झालेली घरघर म्हणजे श्वासनलिकेत दाणा अडकलेला असू शकतो. आणि चार आठवड्यांहून जास्त चालणारा ओला खोकला, वजन घटणे, घरात क्षयाचा रुग्ण, यांपैकी काही असेल तर ॲलर्जीच्या औषधांत वेळ घालवू नये.

ज्याला ॲलर्जी म्हटले जाते त्यातले बरेचसे नुसत्या धुराचे काम असते. बाळाला वेखंड-ओव्याची धुरी देणे, बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल, उदबत्ती, फोडणीचा ठसका, दिवाळीचे फटाके आणि घरातली सिगारेट, यांनी श्वासनलिका चिडते; त्यासाठी ॲलर्जी असावीच लागत नाही आणि रक्ताच्या तपासणीत त्याचा मागमूसही लागत नाही. धुरीची परंपरा मला मान्य असली तरी बाळाच्या फुप्फुसांना ती मान्य नाही.

यावरून तपासण्यांकडे येतो. ॲलर्जीत आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार होतात, आणि एखाद्या पदार्थाविरुद्धचे आयजीई रक्तात सापडले तर त्याचा अर्थ शरीराने तो पदार्थ ओळखून ठेवला आहे, एवढाच होतो. तो खाल्ल्यावर त्रास होईलच असे नाही. हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी असलेल्या मुलांमध्ये असे फसवे आकडे फार सापडतात. त्यामुळे शेकडो पदार्थांची यादी एकदम तपासणे म्हणजे संशयिताशिवाय तपास सुरू करण्यासारखे आहे, आणि मुलाला त्रास न देणारा पदार्थ तपासायचा नाही, हा माझा नियम आहे. आयजीजी प्रतिद्रव्ये मोजून ‘अन्न सोसत नाही’ असे सांगणाऱ्या तपासण्यांना तर निदानात काहीच स्थान नाही. तो पदार्थ मूल खाते, इतकेच त्यातून कळते. एकूण आयजीई आणि रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणे आपल्याकडे जंतांमुळेही असते, तेव्हा केवळ त्या आकड्यावरून ॲलर्जी ठरवू नये. संशय नेमका असेल तेव्हा त्वचेवर थेंब ठेवून टोचण्याची चाचणी उपयोगी पडते. ती पंधरा-वीस मिनिटांत वाचता येते, पण त्याआधी पाच ते सात दिवस खाजेची औषधे थांबवावी लागतात. अखेरचा शब्द मात्र रुग्णालयात, देखरेखीखाली, थोडा-थोडा पदार्थ खाऊ घालून केलेल्या चाचणीचाच असतो.

ठाण्याच्या मुलाबद्दल बोलायचे तर, जूनपासूनच्या सकाळच्या शिंका आणि नाक चोळणे ही नाकाची, बहुधा धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी दिसते. गांधी तापाबरोबर आल्या आणि दोन दिवस टिकल्या, म्हणून त्या विषाणूच्या खात्यावर जातात. दूध, गहू, दाणे आणि तूर हे चारही पदार्थ तो महिन्यापूर्वीपर्यंत रोज खात होता आणि खाल्ल्यानंतर त्याला कधी काही झाले नव्हते, तर अहवालावरून ते बंद करण्याचे कारण नव्हते. खंड फार लांबवू नये, कारण अशी प्रतिद्रव्ये असलेल्या मुलाने, विशेषतः इसब असेल तर, सोसणारा पदार्थ बराच काळ सोडला की पुढे तो खरोखरच सोसेनासा होऊ शकतो. म्हणून याच आठवड्यात आपल्या बालरोगतज्ज्ञांना मुलगा दाखवून, त्यांच्या संमतीने पदार्थ पुन्हा सुरू करावेत. केळे आणि दही यांनी सर्दी होत नाही, ती दोन्ही आजपासून द्यावीत. आजींचा आग्रह असेल तर दही रात्रीऐवजी दुपारी द्या, घरातली शांतताही मोलाची आहे.

नाकासाठी उशी आणि गादीला घट्ट विणीचे अभ्रे घालावेत, चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत, मऊ खेळणी पलंगावरून हलवावीत, कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि माळ्यावरच्या वस्तू काढताना मुलाला घराबाहेर ठेवावे. मेडिकलमधून सर्दीचे मिश्र सिरप आणू नये. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे केंद्रीय औषध नियामकांनी २०२३च्या डिसेंबरमध्ये बजावले आहे, आणि चार वर्षे नुकतीच पूर्ण झाली म्हणून ते उपयोगी ठरते असेही नाही. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एकदोन आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. फवारताना मुलाची मान किंचित पुढे झुकवावी, नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवावे, म्हणजे घोळणा फुटत नाही.